युरोपने बुनियाला सैन्य पाठवले, मग गोमाला का नाही?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. २००३ मध्ये काँगोतील बुनिया शहर वाचवण्यासाठी युरोपीय संघाने काही आठवड्यांत सैन्य उतरवले. मग २००८ मध्ये बंडखोर गोमा शहराच्या वेशीवर आले असताना फ्रान्स आणि ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री येऊन गेले, पण सैन्य का आले नाही? आणि २०२५ मध्ये गोमा पडल्यावर युरोप निर्बंधांपुढे का गेला नाही? युरोपला काँगोची पर्वाच नाही असे म्हणावे का, आणि तेथे असलेल्या भारतीय तुकड्यांनी काय केले, हेही आपण विचारले आहे. मी संयुक्त राष्ट्रांच्या काँगो मोहिमेत, गोमा ज्यात येते त्या उत्तर किवू प्रांतात, नागरी विभागात काम केले आहे, त्यामुळे हे उत्तर लष्करी अधिकाऱ्याच्या नव्हे तर गावचे मुखिया, विस्थापितांच्या छावण्या आणि बटालियनचे अधिकारी यांच्यामध्ये दुवा म्हणून वावरलेल्या माणसाच्या नजरेतून लिहिलेले आहे, हे आधीच सांगतो.

माझ्या मते सैनिकांच्या संख्येपासून सुरुवात केली की हा प्रश्न सुटत नाही. बाहेरून येणारे कोणतेही सैन्य तीन गोष्टींवर अवलंबून असते : त्याला नेमके कोणते राजकीय काम साधायचे आहे, ते कोणाच्या हाती सोपवून परत जायचे आहे, आणि त्या भागातील शेजारी राष्ट्रे त्याला चालू देणार आहेत की नाही. बुनियामध्ये या तिन्ही गोष्टींची उत्तरे मिळाली होती. गोमामध्ये एकाचेही मिळाले नव्हते, कारण गोमाचा प्रश्न शेवटी किगालीशी, म्हणजे रवांडाच्या राजधानीशी, जाऊन भिडतो, आणि किगालीशी कसे वागायचे यावर युरोपच्या राजधान्यांचे कधीच एकमत नव्हते.

बुनियापासून सुरुवात करू. मे २००३ मध्ये युगांडाचे सैन्य इतुरी जिल्ह्यातून माघारी गेले आणि हेमा व लेंदू या समाजांच्या नावाने लढणाऱ्या सशस्त्र टोळ्यांमध्ये बुनिया शहराच्या ताब्यासाठी कत्तल सुरू झाली. संयुक्त राष्ट्रांची उरुग्वेची बटालियन तेथे होती, पण तिचे बळ आणि तिला दिलेले अधिकार दोन्ही अपुरे होते. हजारो माणसे तिच्या तळाच्या कुंपणाला आणि विमानतळाला बिलगून बसली होती. सरचिटणीस कोफी अन्नान यांनी मदत मागितली, ३० मे रोजी सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १४८४ संमत केला आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात फ्रेंच सैनिक उतरू लागले. ‘आर्टेमिस’ या नावाने ओळखली जाणारी ही मोहीम म्हणजे नाटोचा आधार न घेता युरोपबाहेर युरोपीय संघाने केलेली पहिली लष्करी कारवाई. नेतृत्व आणि बहुतांश सैनिक फ्रान्सचे होते, स्वीडनचे विशेष दल सोबत होते, आणि रसदीचा तळ युगांडातील एंटेबे येथे होता.

या मोहिमेचे यश खरे आहे, पण ते समजून घेताना फ्रान्सने घातलेल्या अटी लक्षात ठेवाव्या लागतात. बळाचा वापर करण्याची स्पष्ट मुभा हवी, काम बुनिया शहर, त्याचा विमानतळ आणि तेथील छावण्या एवढ्यापुरतेच मर्यादित हवे, १ सप्टेंबर ही परतीची तारीख ठरलेली हवी, आणि युगांडा व रवांडा या दोघांनी विरोध करता कामा नये. या सर्व अटी पूर्ण झाल्या. शिवाय जुलैअखेर सुरक्षा परिषदेने ठराव १४९३ द्वारे संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेला, म्हणजे ‘मोनुक’ला, इतुरीसाठी अधिक कडक अधिकार दिले आणि तेथे मोठी ब्रिगेड उभी राहिली, म्हणजे वारसदार तयार होता. शहरात उघडपणे शस्त्र घेऊन फिरणे बंद झाले, लोक परत आले, बाजार उघडला. शहराबाहेर काही किलोमीटरवर मात्र खेडी जळत राहिली, कारण तेथे जाण्याचा आदेशच नव्हता. आर्टेमिसला आदर्श म्हणून मिरवणारे लेख वाचताना ही हद्द नजरेआड होऊ देऊ नये, असे मी नव्या सहकाऱ्यांना नेहमी सांगत असे.

२००६ ची मोहीम याच साच्यातली होती. काँगोच्या निवडणुकीसाठी युरोपीय संघाने जर्मनीतील पॉट्सडॅम येथून चालवलेले सैन्य चार महिन्यांसाठी आणले. त्यातला छोटा भाग काँगोची राजधानी किन्शासात होता आणि मोठा भाग शेजारच्या गॅबॉनमध्ये राखीव होता. ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष कबिला यांच्या रक्षकांनी प्रतिस्पर्धी बेम्बा यांच्या निवासस्थानावर हल्ला केला तेव्हा आत अनेक देशांचे राजदूत अडकले होते. त्यांना बाहेर काढण्यात मोनुकबरोबर या सैन्याचाही वाटा होता. ठरलेल्या दिवशी, ३० नोव्हेंबरला, मोहीम संपली. पूर्वेकडच्या किवू प्रांतांशी तिचा संबंध नव्हता.

आता २००८. लोरां न्कुंडा यांची ‘सीएनडीपी’ ही संघटना तुत्सी समाजाच्या रक्षणाचे नाव घेऊन उत्तर किवूत लढत होती. जानेवारीत गोमा येथे मोठी शांतता परिषद भरली, युरोपीय संघाच्या दूतांनी त्यात मनापासून मेहनत घेतली आणि २३ जानेवारीला बांधिलकीच्या करारावर सह्याही झाल्या. ऑगस्टअखेर तो करार कागदावरच उरला. ऑक्टोबरमध्ये न्कुंडांनी रुमांगाबोचा लष्करी तळ घेतला, काँगोचे सैन्य लुटालूट करत पळाले, आणि २९ ऑक्टोबरला गोमाच्या वेशीवर येऊन न्कुंडांनी एकतर्फी युद्धविराम जाहीर केला. याच काळात मोनुकचे नवे स्पॅनिश सेनापती काही आठवड्यांतच राजीनामा देऊन गेले होते. १ नोव्हेंबरच्या सुमारास फ्रान्सचे बर्नार कुश्नेर आणि ब्रिटनचे डेव्हिड मिलिबँड किन्शासा, गोमा आणि किगालीला आले. फ्रान्सकडे तेव्हा युरोपीय संघाचे अध्यक्षपद होते.

सुरक्षा परिषदेने २० नोव्हेंबरला ठराव १८४३ द्वारे मोनुकसाठी आणखी ३,०८५ सैनिक व पोलीस मंजूर केले. मंजूर झालेले सैनिक प्रत्यक्ष येण्यास अनेक महिने लागतात. तेवढा काळ भरून काढण्यासाठी युरोपने तात्पुरते सैन्य द्यावे, अशी विनंती सरचिटणीस बान की-मून यांनी केली. बेल्जियम अनुकूल होता. ब्रिटन आणि जर्मनी यांनी नकार दिला, आणि डिसेंबरमध्ये विषय मिटला. विशेष म्हणजे युरोपीय संघाकडे अशाच प्रसंगासाठी सुमारे दीड हजार सैनिकांची ‘बॅटलग्रुप’ नावाची सज्ज तुकडी ठेवण्याची पद्धत २००७ पासून पूर्णपणे सुरू झाली होती. त्या सहामाहीत ती पाळी ब्रिटन आणि जर्मनी यांचीच होती.

उघडपणे दिलेली कारणे खोटी नव्हती. चाड आणि मध्य आफ्रिकी प्रजासत्ताक यांच्या सीमाभागात युरोपीय संघाचे सुमारे ३,७०० सैनिक त्याच वर्षी गुंतलेले होते, आणि त्या मोहिमेला हेलिकॉप्टर मिळेनात म्हणून शेवटी रशियाची घ्यावी लागली होती. ब्रिटन इराक आणि अफगाणिस्तान या दोन्ही ठिकाणी अडकला होता. पैशाची व्यवस्थाही अडचणीची आहे, कारण युरोपीय संघाच्या लष्करी मोहिमेत थोडासा सामाईक खर्च सोडला तर सैनिक पाठवणाऱ्या देशानेच स्वतःचा खर्च सोसायचा असतो. म्हणजे ज्याची पाळी त्याचाच भुर्दंड. अशा पद्धतीत पाळीवर असलेला देश पाठवण्याविरुद्ध मत देणार, यात नवल नाही.

तरीही मी या कारणांना दुय्यम मानतो. मुख्य अडचण भूगोलात आणि इतिहासात होती. गोमा रवांडाच्या सीमेला इतके चिकटलेले आहे की शहराच्या रस्त्यावरून चालत पलीकडच्या देशात जाता येते. १९९४ मध्ये रवांडातील वंशसंहाराच्या शेवटच्या टप्प्यात फ्रान्सने ‘टर्क्वाझ’ मोहीम काढली, तिचा तळ गोमाच्याच विमानतळावर होता, आणि संहार करणारे सैनिक व टोळीवाले त्याच दिशेने काँगोत निसटले. त्यांच्यातूनच पुढे एफडीएलआर ही संघटना बनली, जिचे अस्तित्व दाखवून रवांडा आजही सीमेपलीकडच्या आपल्या हालचालींचे समर्थन करतो. २००६ मध्ये फ्रान्समधील एका न्यायाधीशाने राष्ट्राध्यक्ष कागामे यांच्या निकटवर्तीयांविरुद्ध अटक वॉरंट काढल्यावर रवांडाने फ्रान्सशी संबंधच तोडले होते. त्यात ९ नोव्हेंबर २००८ रोजी, म्हणजे गोमाची चर्चा ऐन भरात असताना, कागामे यांच्या राजशिष्टाचार प्रमुख रोझ काबुये यांना त्याच प्रकरणात फ्रँकफर्ट विमानतळावर अटक झाली आणि जर्मनीशीही संबंध बिघडले. फ्रेंच नेतृत्वाखालील सैन्य पुन्हा गोमाच्या विमानतळावर उतरणे किगालीला कसे वाटले असते, याचा अंदाज आपणच करावा. बुनियाच्या वेळी मिळालेली शेजाऱ्याची संमती येथे मिळण्याची शक्यता नव्हती, आणि संमतीशिवाय जायचे तर रवांडाला उघडपणे प्रतिपक्ष मानावे लागले असते. लंडनची त्यासाठी तयारी नव्हती, कारण ब्रिटन रवांडाच्या सर्वांत मोठ्या देणगीदारांपैकी एक होता आणि तेथील प्रगतीला आपल्या मदतधोरणाचे यश मानत होता.

मग हे सैन्य आले असते तर काही फरक पडला असता का? येथे उत्तर परिस्थितीवर अवलंबून आहे. गोमा शहरातील घबराट, पळणाऱ्या काँगोली सैनिकांनी केलेली लूट आणि बलात्कार यांना आळा बसला असता, असे मला वाटते, आणि ही काही थोडी गोष्ट नाही. विमानतळ आणि रस्ते सांभाळायला दुसरे कोणी असते तर मोनुकच्या बटालियन खेड्यांकडे वळू शकल्या असत्या. मात्र त्या शरद ऋतूतील सर्वांत भीषण घटना किवांजा येथे ४ आणि ५ नोव्हेंबरला घडली. रुत्शुरुजवळच्या या गावातून माई-माई टोळीला हुसकावल्यावर सीएनडीपीच्या सैनिकांनी घरोघरी जाऊन तरुण पुरुषांना ठार मारले, आणि मृतांची संख्या सुमारे दीडशे होती. किवांजा गोमापासून सुमारे ७० किलोमीटर उत्तरेला आहे. युरोपचे सैन्य त्या तारखेपर्यंत पोहोचणेही शक्य नव्हते आणि पोहोचले असते तरी त्याची हद्द बहुधा गोमापुरतीच ठरली असती.

किवांजाजवळच मोनुकचा तळ होता आणि तो भारतीय जवानांचा होता. आपल्या वाचकांनी ही गोष्ट टाळू नये, म्हणून मी ती स्पष्टपणे लिहितो. उत्तर किवूची ब्रिगेड मुख्यतः भारतीय होती, मुख्यालय गोमात होते, आणि २००८ च्या उत्तरार्धापासून तिचे नेतृत्व ब्रिगेडियर बिपिन रावत यांच्याकडे होते, जे पुढे भारताचे पहिले संरक्षण दल प्रमुख झाले. गोमाकडे येणाऱ्या बंडखोरांवर भारतीय हवाई दलाच्या हल्लेखोर हेलिकॉप्टरनी मारा केला, आणि काँगोचे सैन्य पळून गेल्यावर शहर आणि बंडखोर यांच्यामध्ये हीच ब्रिगेड उभी होती. त्याच वेळी पूर्व भागात विखुरलेल्या छोट्या तळांवर शंभर-सव्वाशे जवान असत, त्यांच्याकडे स्वाहिली किंवा किन्यारवांडा जाणणारे दुभाषे अपुरे असत, आणि पलीकडच्या गल्लीत काय चालले आहे हे रात्री त्यांना सांगणारे कोणी नसे. किवांजातील अपयशामागे धैर्याच्या अभावापेक्षा माहितीचा अभाव अधिक होता, असे माझे मत आहे. ते सर्वांना पटेलच असे नाही, आणि ज्यांनी मुले गमावली त्यांच्यासमोर हे मत मांडणे मला कधीच सोपे वाटलेले नाही. त्यानंतर लष्करी तळांवर नागरी अधिकाऱ्यांसह संयुक्त संरक्षण पथके जाऊ लागली आणि पुढे स्थानिक भाषा बोलणारे संपर्क सहायक तळातच राहू लागले. ज्या तळावर असा एक चांगला सहायक असे तेथे गस्त कोठे न्यायची हे आदल्या संध्याकाळी ठरे, आणि तेवढ्याने माणसे वाचत. या सुधारणेला एका बॅटलग्रुपच्या खर्चाचा अगदी अल्प अंश लागला.

यातून एक जुनी विषमताही दिसते. १९९४ मध्ये किगालीत बेल्जियमचे १० शांतिसैनिक मारले गेले आणि पुढच्या वर्षी बोस्नियात संयुक्त राष्ट्रांच्या संरक्षणाखालील स्रेब्रेनित्सा येथे हत्याकांड घडले. त्यानंतर युरोपीय देश संयुक्त राष्ट्रांच्या निळ्या शिरस्त्राणाखाली मध्य आफ्रिकेत मोठ्या संख्येने येईनासे झाले. ठराव लिहिणाऱ्यांत आणि खर्च उचलणाऱ्यांत ते पुढे राहिले, पण चौक्यांवर भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, उरुग्वे आणि दक्षिण आफ्रिकेचे जवान होते. आदेश लिहिणारा आणि आदेश पाळताना जीव धोक्यात घालणारा वेगवेगळा असला की आदेशातील शब्द सैल होतात. हे मी अनेकदा पाहिले आहे आणि त्याबद्दल माझ्या मनात आजही राग आहे.

शिष्टाईचे काय झाले, हेही सांगायला हवे, कारण २००८ चा पेच सैन्याने नव्हे तर शिष्टाईनेच सुटला. डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञगटाने रवांडाकडून सीएनडीपीला मिळणाऱ्या मदतीचे पुरावे प्रसिद्ध केले. नेदरलँड्स आणि स्वीडन यांनी लगेच रवांडा सरकारला मिळणारी आपली मदत थांबवली. काही आठवड्यांत, २२ जानेवारी २००९ रोजी, रवांडाने न्कुंडांना अटक केली. दोन छोट्या देशांच्या निर्णयामुळेच हे घडले असे मी म्हणणार नाही, कारण किन्शासा आणि किगाली यांच्यात थेट सौदाही झाला होता, आणि त्यानुसार रवांडाचे सैन्य एफडीएलआरविरुद्ध संयुक्त कारवाईसाठी काँगोत आले. पण पैसा थांबतो तेव्हा किगाली हिशेब पुन्हा मांडते, एवढे तेव्हा दिसले. सौद्याची किंमत मात्र नंतर कळली. सीएनडीपीचे लढवय्ये काँगोच्या सैन्यात घेतले गेले, पण त्यांचे सेनानी आणि त्यांची समांतर साखळी तशीच राहिली. २३ मार्च २००९ च्या करारातील आश्वासने पाळली नाहीत, असे सांगून हीच माणसे २०१२ मध्ये ‘एम-२३’ या नावाने पुन्हा उठली.

म्हणूनच युरोपच्या ज्या कामाबद्दल फारसे कोणी विचारत नाही ते मला सर्वांत मोलाचे वाटते. २००५ पासून ‘युसेक’ नावाचे युरोपीय संघाचे छोटे सल्लागार पथक काँगोच्या सैन्यात पगाराची व्यवस्था सुधारत होते. पूर्वी पगाराची रोकड सेनापतीच्या हातून खाली जाई, वाटेत गळती होई, आणि यादीत कागदी सैनिक भरलेले असत. पथकाने पगाराची वाट आदेशाच्या साखळीपासून वेगळी केली आणि सैनिकांची बोटांच्या ठशांसह मोजणी केली. पगार न मिळालेला सैनिक गावात शेळी, मका आणि त्याहून भयंकर गोष्टी हिसकावतो, हे किवूतील प्रत्येक बाई सांगते. या पथकात मोजकेच अधिकारी होते. त्याला मोठ्या राजकीय पाठबळाची जोड मिळाली असती, आणि बंडखोरांना घाईघाईने सैन्यात घेण्यापूर्वी त्याचा सल्ला मानला गेला असता, तर २०१२ ची कथा वेगळी असू शकली असती.

२०१२ आणि २०१३ मध्ये दबावाची साधने एकत्र आली. नोव्हेंबर २०१२ मध्ये गोमा काही दिवस एम-२३ च्या ताब्यात गेले, तेव्हा जर्मनी, नेदरलँड्स आणि अखेर ब्रिटननेही रवांडाची मदत रोखली होती. मार्च २०१३ मध्ये सुरक्षा परिषदेने ठराव २०९८ द्वारे दक्षिण आफ्रिका, टांझानिया आणि मालावी यांची हल्ला करण्याची मुभा असलेली ब्रिगेड उभी केली, आणि नोव्हेंबरमध्ये एम-२३ चा पराभव झाला. लढणारे सैनिक आफ्रिकेचे होते आणि आर्थिक दबावाचा मोठा भाग युरोपचा होता.

२०२५ मध्ये हेच पुन्हा का जमले नाही? मधल्या काळात युरोपचे हितसंबंध बदलले होते. २०२१ पासून रवांडाचे सैन्य मोझांबिकच्या काबो देलगादो प्रांतात लढत होते, जेथे फ्रेंच कंपनीचा नैसर्गिक वायूचा मोठा प्रकल्प आहे, आणि युरोपीय संघाने त्या सैन्यासाठी दोनदा २-२ कोटी युरो मंजूर केले होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये संघाने रवांडाशी महत्त्वाच्या खनिजांबाबत सामंजस्य करार केला, तोही संयुक्त राष्ट्रांचे तज्ज्ञ काँगोतील कोल्टन हे खनिज रवांडातून बाहेर जात असल्याचे सांगत असताना. जानेवारीअखेर गोमा पुन्हा एम-२३ च्या हाती पडले, फेब्रुवारीत बुकावू शहरही पडले, आणि तरीही फेब्रुवारीतील निर्बंध लक्झेंबर्गच्या विरोधामुळे लांबले. युरोपीय संसदेने खनिज करार स्थगित करण्याची मागणी मोठ्या बहुमताने केली होती. अखेर १७ मार्चला एम-२३ चे नेते, रवांडाचे काही सेनाधिकारी आणि किगालीतील एक सोन्याची रिफायनरी यांच्यावर निर्बंध आले. त्याच दिवशी रवांडाने बेल्जियमशी राजनैतिक संबंध तोडले. दुसऱ्याच दिवशी काँगो आणि रवांडाचे राष्ट्राध्यक्ष दोहा येथे कतारच्या मध्यस्थीने भेटले, आणि जूनमधील करार वॉशिंग्टनमध्ये झाला. शिष्टाईची सूत्रे युरोपच्या हातून निसटली होती.

तेव्हा ‘पर्वा नाही’ हा आपला निष्कर्ष मी मान्य करत नाही. मदतीचा पैसा, निवडणुकीचा खर्च, रुग्णालये, न्यायालये यांत युरोपचा वाटा मोठा आहे आणि त्यासाठी झिजलेली माणसे मी जवळून पाहिली आहेत. युरोप कचरतो तो किगालीशी संबंध पणाला लावायची वेळ आली की. आपण पुढे यावर लिहिणार असाल तर सैन्य पाठवण्याच्या बातम्यांपेक्षा तीन गोष्टींचा पाठपुरावा करा, असे सुचवेन : खनिज करारात काँगोचा माल वेगळा ओळखण्याची अट प्रत्यक्ष तपासली जाते का, मोझांबिकमधील सैन्यासाठीच्या पैशाला किवूतून माघारीची अट जोडली जाते का, आणि एम-२३ चे सैनिक पुन्हा काँगोच्या सैन्यात घेण्याचा प्रस्ताव येईल तेव्हा त्यांच्या साखळ्या तोडून त्यांना देशाच्या वेगवेगळ्या भागांत पाठवण्याची तरतूद त्यात असते का. यातील तिसरी गोष्ट करारांच्या परिशिष्टांत लपलेली असते, म्हणून परिशिष्टे आधी वाचावीत.